हिपॅटायटिस बी: रिकाम्या कणांचे काम काय?

हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृताच्या पेशीत ठाण मांडून बसला की त्या पेशीतून दोन तऱ्हेचे कण रक्तात येऊ लागतात. एक म्हणजे पूर्ण विषाणू: मधोमध डीएनए, त्याभोवती प्रथिनांचे कवच आणि बाहेरून चरबी व प्रथिनांचे आवरण. त्याचा व्यास सुमारे ४२ नॅनोमीटर असतो. दुसरे म्हणजे नुसती आवरणे. त्यांच्यात कवच नसते, डीएनए नसते, त्यामुळे त्यांच्यापासून कोणालाही लागण होत नाही. त्यातले बहुतेक वाटोळे, २२ नॅनोमीटरच्या आसपासचे. काही तेवढ्याच जाडीचे पण लांबट, तंतूसारखे. चक्रावून टाकते ती त्यांची संख्या. लागण जोरात असेल तर एक मिलिलिटर रक्तद्रवात पूर्ण विषाणू शंभर कोटी ते हजार कोटींपर्यंत सापडतात. पोकळ कण मात्र लाख कोटींच्या घरात आणि कधी त्याच्याही पुढे जातात. एका विषाणूमागे हजार ते लाख रिकामे कण, असे हे प्रमाण आहे.

या विषाणूचा सगळा जनुकीय मजकूर जेमतेम ३,२०० अक्षरांचा. माणसाला रोग देणाऱ्या डीएनए विषाणूंमध्ये इतका आटोपशीर दुसरा क्वचितच. आवरणाच्या प्रथिनाची माहितीही त्याने वेगळी जागा न देता दुसऱ्या एका प्रथिनाच्या मजकुरावरच लिहून ठेवली आहे. जागेची इतकी काटकसर करणारा हा जीव रिकाम्या आवरणांवर एवढी उधळण का करतो, हा प्रश्न संशोधकांपुढे पन्नास वर्षांहून अधिक काळ आहे. एकेकाळी उत्तर सोपे वाटे: हा वाया गेलेला माल आहे, आवरणाचे प्रथिन गरजेपेक्षा जास्त तयार होते आणि आपोआप गोळा होऊन बाहेर पडते. आज असे म्हणणारे फार थोडे उरले आहेत. पण त्याच्या जागी आलेले ठाम उत्तर, म्हणजे हे कण आपल्या प्रतिकारशक्तीला पूर्णपणे झोपवतात, हेही पुराव्याच्या मानाने जरा पुढे गेलेले आहे, असे माझे मत आहे.

या रोगाच्या इतिहासात पोकळ कण आधी सापडले आणि विषाणू नंतर. बारूक ब्लूमबर्ग हे रक्तातील प्रथिने माणसागणिक कशी बदलतात याचा अभ्यास करत होते. वारंवार रक्त घ्यावे लागलेल्या हिमोफिलियाच्या रुग्णांच्या रक्तात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असतात. ती वापरून ते आणि हार्वी आल्टर जगभरातून आणलेले रक्ताचे नमुने तपासत. त्यात ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्ताशी एका रुग्णाच्या प्रतिपिंडांची ठळक प्रतिक्रिया झाली. १९६५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि त्या पदार्थाला ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ हे नाव पडले. तो काविळीशी संबंधित आहे हे कळायला आणखी दोन-तीन वर्षे गेली. न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड प्रिन्स आणि टोकियोत काझुओ ओकोची यांनी आपापल्या वाटेने तोच संबंध दाखवला. १९६८ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या प्रतिजनाचे कण दिसले. मग पेच पडला: कण आहेत, पण त्यांच्यात जनुकीय द्रव्य नाही. मग रोग पसरतो कशाने? १९७० मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात डेव्हिड डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याच गर्दीत मोठे, दुहेरी कडेचे, ४२ नॅनोमीटरचे कण दिसले. खरा विषाणू तो होता. ब्लूमबर्ग यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रिकाम्या कणांची इतकी गर्दी नसती तर हा विषाणू त्या काळच्या साधनांना किती उशिरा सापडला असता, याचा विचार करण्यासारखा आहे. आजही रक्तपेढीत किंवा गरोदरपणात होणारी ‘एचबीएसएजी’ (आवरणाचे प्रतिजन) चाचणी प्रामुख्याने याच कणांना पकडते. पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती मुख्यतः रिकाम्या आवरणांमुळे. पूर्ण विषाणूंचा त्यातला वाटा नगण्य.

लसीची कथा तर याहून विलक्षण. लागण न करणारे पण प्रतिपिंडे जागवणारे कण म्हणजे आयती लस, हे ब्लूमबर्ग आणि अर्व्हिंग मिलमन यांनी ओळखले आणि १९६९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. १९७१ मध्ये सॉल क्रुगमन यांनी दाखवले की बाधित माणसाचा सिरम एक मिनिट उकळला तर त्यातला रोग जातो, पण संरक्षण देण्याची शक्ती काही प्रमाणात राहते. हा निष्कर्ष मोलाचा ठरला. पण तो ज्या मार्गाने आला तो लाजिरवाणा होता. न्यूयॉर्कच्या विलोब्रूक या संस्थेत ठेवलेल्या मतिमंद मुलांवर ते प्रयोग झाले होते, आणि त्यांतल्या काही मुलांना हेतुतः लागण करण्यात आली होती. वैद्यकीय नीतीच्या पुस्तकांत विलोब्रूकचे नाव कायम आहे आणि ते तसेच राहायला हवे.

पुढे मर्क कंपनीत मॉरिस हिलमन यांनी वाहकांच्या रक्तद्रवातून हे कण वेगळे काढले आणि पेप्सिन, युरिया व फॉर्मॅल्डिहाइड या तिन्हींची प्रक्रिया करून उरलासुरला जिवंत विषाणू नष्ट करण्याची पद्धत बसवली. न्यूयॉर्कमधील एक हजारांहून अधिक समलिंगी पुरुषांवर वुल्फ श्मुनेस यांनी घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९८० मध्ये आले आणि लस उत्तम ठरली. १९८१ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. रुग्णाच्या रक्तातून गाळून काढलेल्या पदार्थाची लस होऊ शकली, कारण त्या रक्तात तो पदार्थ अमाप होता. पण नेमका त्याच काळात एड्स समोर आला आणि मानवी रक्तापासून बनलेली लस टोचून घ्यायला लोक कचरू लागले. हिलमन यांची प्रक्रिया एचआयव्हीलाही मारते हे नंतर सिद्ध झाले, तरी भीती जाईना. सुटका यीस्टने केली. १९८२ मध्ये पाब्लो व्हॅलेन्झुएला, विल्यम रटर आणि सहकाऱ्यांनी आवरणाच्या प्रथिनाचे जनुक यीस्टमध्ये घातले, तेव्हा यीस्टच्या पेशींत तसेच २२ नॅनोमीटरचे कण तयार झाले. विषाणूचे बाकी काहीही तिथे नव्हते. आवरणाच्या प्रथिनाला कण होण्यासाठी दुसऱ्या कोणाची गरज लागत नाही, हे त्यातून पक्के झाले. १९८६ मध्ये आलेली ही लस जनुक-अभियांत्रिकीने तयार झालेली माणसांसाठीची पहिली लस. भारतात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये स्वतःची लस आणली आणि आयात लशीची चढी किंमत खाली आली. पुण्याची सिरम इन्स्टिट्यूटही ही लस बनवते.

आता मूळ प्रश्नाकडे. विषाणूला या कणांचा उपयोग काय?

त्यासाठी आवरणाची घडण थोडी पाहावी लागते. त्यात तीन प्रथिने असतात: लहान, मध्यम आणि मोठे. तिन्हींचा शेवटचा भाग सारखाच, २२६ अमिनो आम्लांचा. मोठ्या प्रथिनाला पुढे एक जादा तुकडा जोडलेला असतो, त्याला प्री-एस१ म्हणतात. यकृताच्या पेशीचे दार उघडते ते या तुकड्याने. ते दार म्हणजे पित्तक्षार आत घेणारे एनटीसीपी नावाचे प्रथिन, हे २०१२ मध्ये बीजिंगमध्ये वेनहुई ली यांच्या गटाने शोधून काढले. पूर्ण विषाणूत आणि तंतूंमध्ये मोठे प्रथिन बऱ्यापैकी असते. वाटोळ्या कणांत ते फारच थोडे असते. वाटोळे कण पेशीच्या नेहमीच्या स्रावमार्गाने बाहेर पडतात, तंतू आणि पूर्ण विषाणू मात्र दुसऱ्या वाटेने जातात. म्हणजे ‘पोकळ कण’ हा एकच गट नव्हे. संशोधनातला बराचसा गोंधळ हे विसरल्यामुळे झाला, असे मला वाटते.

बदकांवरचे प्रयोग हे याचे उत्तम उदाहरण. १९८० मध्ये पेकिन बदकांत याच कुळातला एक विषाणू सापडला आणि पुढची तीस वर्षे प्रयोगशाळांचा तोच आधार राहिला, कारण माणसाचा विषाणू साध्या पेशींत वाढायला तयार नसे. १९९३ मध्ये जर्मनीत क्लिंगम्युलर आणि शालर यांना दिसले की बदकाचे पोकळ कण भरपूर घातले तर विषाणूची वाट अडते. दोघे एकाच दाराशी गर्दी करतात. पाच वर्षांनी जर्मनीतूनच ब्रुन्स आणि सहकाऱ्यांनी जवळजवळ उलटे दाखवले. पोकळ कण आणि विषाणू यांचे प्रमाण ठरावीक मर्यादेत असले, तर पेशीत विषाणूची वाढ रोडावण्याऐवजी जोमाने होते. परिणाम कणांच्या संख्येवर, ते केव्हा घातले यावर आणि त्यांच्यावर प्री-एसचा दाराला चिकटणारा भाग आहे की नाही यावर अवलंबून होता. नैसर्गिक रोगातही असेच प्रमाण आढळते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. रिकामा कण स्वतः रोग देत नसला तरी रोगाला बळ देऊ शकतो, हा विचार त्या काळी खळबळजनक होता. मग २००८ मध्ये चाई आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या विषाणूचे पोकळ कण घेऊन मानवी यकृतपेशींवर तपासले, तर त्यांनी लागण अडवलीच नाही.

तीन प्रयोगशाळा, तीन निकाल. त्यामुळे एखाद्याला हे क्षेत्रच अविश्वसनीय वाटेल. मला तसे वाटत नाही. बदकाच्या पोकळ कणांत मोठे प्रथिन जवळजवळ पूर्ण विषाणूइतक्याच प्रमाणात असते. माणसाच्या वाटोळ्या कणांत ते नसल्यातच जमा. पहिल्याला दार ओळखता येते, दुसऱ्याला नाही. मग दोघांची वागणूक सारखी कशी असेल? माणसाच्या विषाणूने वाटोळ्या कणांतून दाराची किल्ली काढून टाकली आहे, त्यामुळे ते कितीही असले तरी विषाणूच्या वाटेत आडवे येत नाहीत. बदकातली वाढीची गोष्ट माणसाला जशीच्या तशी लावणे म्हणूनच धोक्याचे आहे. तो प्रयोग चांगला होता. त्यावरून काढलेले सार्वत्रिक निष्कर्ष तितके चांगले नव्हते.

मग माणसात हे कण करतात काय? सर्वांत भक्कम पुरावा प्रतिपिंडांच्या बाबतीत आहे. विषाणूला निष्प्रभ करणारी बहुतेक प्रतिपिंडे आवरणाच्या लहान प्रथिनावरील एका फासाला चिकटतात, आणि तो फास पोकळ कणांवरही असतोच. हे कण म्हणजे विषाणूचे तोतये. शरीर प्रतिपिंडे तयार करते, ती तोतयांवर खर्ची पडतात आणि खरा विषाणू निसटतो. स्वीडनमधील एका गटाने २०१७ मध्ये प्रयोगशाळेत हे थेट दाखवले: पोकळ कण मिसळले की प्रतिपिंडांची विषाणू रोखण्याची ताकद कमी होते. दीर्घकालीन रुग्णांच्या रक्तात मोकळी प्रतिपिंडे सापडत नाहीत, पण कणांना चिकटलेली सापडतात. हे प्रतिजन-प्रतिपिंडांचे गठ्ठे मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अडकले की तिथे दाह होतो. हिपॅटायटिस बीच्या काही रुग्णांना होणारा मूत्रपिंडाचा विकार आणि पॉलिआर्टरायटिस नोडोसा हा धमन्यांचा आजार त्यातलेच. लागण न करणारा कण रुग्णाला आजारी पाडू शकतो, तो असा.

टी-पेशींचे प्रकरण एवढे सरळ नाही. प्रतिजनाचा पूर सतत वाहत राहिला की त्याला मारायला आलेल्या टी-पेशी थकतात आणि निष्क्रिय होतात, हे तत्त्व इतर विषाणूंत पक्के झाले आहे. त्यावरून अनेकांनी धरून चालले की रक्तातले पोकळ कण कमी केले की टी-पेशी पुन्हा उभ्या राहतील. पण २०२० मध्ये सिंगापूरच्या बर्तोलेत्ती यांच्या गटाने रुग्णांकडे पाहिले, तेव्हा टी-पेशींची अवस्था रक्तातल्या प्रतिजनाच्या पातळीशी फारशी जुळेना. ती रुग्णाच्या वयाशी, म्हणजे प्रतिजन किती वर्षे सोसले त्याच्याशी जास्त जुळली. त्याच वर्षी मिलानमधून उंदरांवरचा प्रयोग आला: रक्तातले प्रतिजन काढून टाकले, तरी मारक टी-पेशींत फारसा फरक पडला नाही. टी-पेशी प्रतिजन ओळखतात ते यकृतपेशीच्या पृष्ठभागावर; रक्तात काय तरंगते आहे याला त्यांच्या लेखी कमी महत्त्व असावे. बी-पेशींबाबत चित्र अधिक आशादायक आहे. लंडन आणि सिंगापूर येथील दोन गटांनी २०१८ मध्ये दाखवले की दीर्घकालीन रुग्णांत या प्रतिजनाविरुद्धच्या बी-पेशी नष्ट झालेल्या नसतात. त्या असतात, पण बिघडलेल्या अवस्थेत, आणि प्रयोगशाळेत योग्य चालना मिळाल्यावर त्यांतल्या काही पुन्हा कामाला लागतात.

आणखी एक रिकामा कण बराच काळ नजरेआड राहिला होता. २०११ मध्ये जियानमिंग हू यांच्या गटाने दाखवले की ४२ नॅनोमीटरचे, बाहेरून हुबेहूब विषाणूसारखे, आत कवचही असलेले पण डीएनए नसलेले कण पूर्ण विषाणूंच्या सुमारे शंभरपट असतात. डेन यांना दिसलेल्या कणांतले बहुतेक पोकळच असणार.

या आवरणांचा फायदा उठवणारा एक परोपजीवीही आहे. १९७७ मध्ये तुरिनमध्ये मारिओ रिझेत्तो यांनी डेल्टा प्रतिजन शोधले. त्यामागचा हिपॅटायटिस डीचा विषाणू स्वतःचे आवरण बनवूच शकत नाही. तो बीच्या आवरणात शिरतो आणि त्यातच प्रवास करतो. बीची वाढ औषधाने थांबली तरी आवरणांचा पुरवठा चालू राहतो, म्हणून डेल्टा जिवंत राहतो, आणि त्याने यकृताचे होणारे नुकसान बीपेक्षा बरेच तीव्र असते. युरोपात २०२० मध्ये सशर्त परवानगी मिळालेले बुलेव्हर्टाइड हे औषध प्री-एस१ चीच नक्कल आहे. ते एनटीसीपीचे दार बंद करते.

औषध घेऊनही आवरणांचा पुरवठा का चालू राहतो, या प्रश्नाने गेल्या दहा वर्षांत उपचारांची दिशाच बदलली. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातला विषाणूचा डीएनए दिसेनासा होतो, पण एचबीएसएजी वर्षानुवर्षे तसेच राहते; वर्षाला शंभरात जेमतेम एखाद्याचे जाते. कारण ही औषधे डीएनएची नक्कल थांबवतात, प्रथिनांचे उत्पादन नव्हे. शिवाय विषाणूच्या डीएनएचे तुकडे यकृतपेशींच्या गुणसूत्रांत जाऊन चिकटतात. या तुकड्यांतून पूर्ण विषाणू होऊ शकत नाही, पण आवरणाचे प्रथिन होते. २०१७ मध्ये चिंपांझींवरील अभ्यासात दिसले की रोगाच्या उशिराच्या टप्प्यात बहुतेक एचबीएसएजी याच चिकटलेल्या तुकड्यांतून येते. म्हणजे त्या टप्प्यावर रक्तातले रिकामे कण विषाणूची मोजदाद करतच नाहीत.

म्हणून आज ‘कार्यात्मक बरे होणे’ हे ध्येय मानले जाते: औषध थांबवल्यावर सहा महिने एचबीएसएजी आणि डीएनए दोन्ही न सापडणे. त्यासाठी आवरणाचे संदेशवाहक आरएनए तोडणारी औषधे आली. त्यांतल्या बेपिरोव्हिर्सनच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शंभरात नऊ-दहा रुग्णांत हे साधले. पोकळ कण पेशीबाहेर पडणेच रोखणारी न्यूक्लिक आम्लांची बहुलके प्रतिकारशक्ती जागवणारे इंटरफेरॉन आणि टेनोफोव्हिर यांच्यासोबत वापरून ४० रुग्णांच्या एका छोट्या चाचणीत सुमारे एक-तृतीयांश जणांना ते साधले. दोन्हींतून धडा एकच निघतो. नुसते कण कमी केल्याने थोडेच रुग्ण बरे होतात. सोबत प्रतिकारशक्तीला चालना मिळाली तर आकडा वाढतो. टी-पेशींच्या प्रयोगांनी हेच सुचवले होते.

हा खेळ फक्त बीचा नाही. गोचिडीने पसरणाऱ्या मेंदूज्वराचा विषाणू आणि डेंगी हेही छोटे पोकळ कण सोडतात, पण त्यांचे प्रमाण एवढे अवाढव्य नसते. हिपॅटायटिस ई, ज्याच्यावर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूशास्त्र संस्थेत दीर्घकाळ काम झाले आहे, तो कण न बनवता कवचाचे प्रथिनच सुटे सोडतो. २०१८ मध्ये दिसले की हे सुटे प्रथिन विषाणूला पेशीत शिरायला अडवत नाही, पण प्रतिपिंडे मात्र खर्ची घालते. दोन वेगळ्या कुळांतल्या विषाणूंनी वेगवेगळ्या मार्गांनी एकाच डावपेचावर यावे, हा मला प्रतिपिंडांच्या बाजूने सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

आणि याच २२ नॅनोमीटरच्या कणावर आता दुसरा रोग टांगला गेला आहे. मलेरियाच्या परजीवीचे एक प्रथिन हिपॅटायटिस बीच्या आवरणाला जोडले की यीस्टमध्ये मलेरियाचे प्रतिजन मिरवणारे कण तयार होतात. आरटीएस,एस ही लस अशी बनली आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. तिच्यात चार भाग साधे आवरण आणि एक भाग जोड-प्रथिन असते. ऑक्सफर्डची आर२१ ही लस फक्त जोड-प्रथिनाची असते. तिची शिफारस २०२३ मध्ये झाली आणि तिचे उत्पादन पुण्यात सिरम इन्स्टिट्यूट करते. आफ्रिकेतील मुलांना ती आता टोचली जाते.

भारतात जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी होता. त्यांच्यातल्या बहुतेकांना ते माहीत नाही. ज्यांना कळते ते अनेकदा नोकरीपूर्व तपासणीत किंवा रक्तदानानंतर, एका पट्टीवरच्या रेघेने, आणि मग घरात भांडी वेगळी होतात, लग्ने मोडतात. ती रेघ प्रामुख्याने रिकाम्या कणांची आहे. किती विषाणू रक्तात आहेत, यकृताचे काय चालले आहे, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी एचबीव्ही डीएनए आणि यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. उलट, लागणीनंतरच्या एका टप्प्यात एचबीएसएजी गेलेले असते आणि प्रतिपिंडे अजून दिसत नसतात, तेव्हा निगेटिव्ह अहवालही फसवा ठरू शकतो. जन्माच्या वेळी लागलेला आजार दहांपैकी नऊ बाळांत कायमचा होतो, प्रौढांत शंभरात पाचांहून कमी जणांत. म्हणून गरोदर मातेची तपासणी आणि बाळाला जन्मापासून २४ तासांच्या आत पहिला डोस हे सगळ्यात महत्त्वाचे. घरात कोणाचा अहवाल पॉझिटिव्ह आला असेल, तर त्याचे ताट बाजूला ठेवू नका. सोबत जेवल्याने हा रोग लागत नाही. त्याच्या जोडीदाराची, मुलांची, भावंडांची तपासणी करा, ज्यांना लागण नाही त्यांना लस द्या आणि रुग्णाची डीएनए चाचणी करून घ्या. २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत.